दोन, स्लाइट

“आता सॅफ्रन घाल, दोन मोठे चमचे,” शेजारची आजी म्हणाली आणि माझा हात परातीवरच थांबला. पहाटेचे पावणेतीन वाजलेले. परातीत दहा किलो मैदा. त्यात दोन चमचे केशर घालायचं आणि रस्त्यावर पाच त्रिनिदादी डॉलरला विकायचं? मी नुसती बघत राहिले तेव्हा तिने डबा माझ्यापुढे सरकवला. झाकण उघडलं आणि वासानेच कळलं. हळद! मी सांगलीची. आमच्या मार्केट यार्डात हंगामात चक्कर मारली तर घरी येईपर्यंत पदरालाही हळदीचा वास. आणि इथे लोक हळदीलाच केशर म्हणत होते. “माझी सासू हर्दी म्हणायची,” आजी म्हणाली. “पण आता सगळे सॅफ्रनच म्हणतात.”

डबल्स, म्हणजे इथला रस्त्यावरचा नाश्ता, करायला शिकायला गेले त्याचा हा पहिला धडा.

कॅरिबियनमधल्या त्रिनिदादला मी २०१७मध्ये आले. नवऱ्याला पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत एका अमोनियाच्या कारखान्यात तीन वर्षांचं काम मिळालं होतं, म्हणून जवळच कूवा गावात घर घेतलं. शेजारच्या गावाचं नाव कॅलिफोर्निया. फोनवर आईला तेवढंच ऐकू गेलं आणि तिने गल्लीभर सांगितलं, पोरगी कॅलिफोर्नियाजवळ राहते. ती समजूत मी अजूनही पुरती काढलेली नाही.

नवरा पाळीवर गेला की मी मोकळी. सांगलीत एका पतसंस्थेत बारा वर्षं कॅशियर होते. इथे वर्क परमिटशिवाय नोकरी करता येत नव्हती. पहिले चार महिने पडदे धुतले, इस्त्री केली, परत धुतले. मग एका सकाळी कपडे वाळत घालताना खालून एका पोराची हाक ऐकू आली, “आजी! आजा कुठंय?” म्हणजे हाकेतलं बाकी सगळं इंग्रजी होतं, पण आजी आणि आजा हे दोन शब्द इतके स्पष्ट, की मी ओल्या चादरीसकट कठड्याकडे धावले. वाटलं, कुणी मराठी कुटुंब आलं.

मराठी नव्हे, भोजपुरी. ३० मे १८४५ला ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज इथे लागलं, त्यातून उसाच्या मळ्यांवर कराराने आलेले पहिले हिंदुस्थानी मजूर उतरले. १९१७पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, कलकत्त्याहून जहाजात बसलेली. दोन-तीन पिढ्यांत भाषा गेली, पण स्वयंपाकघर आणि नाती मात्र तिने सोडली नाहीत. वडिलांचे आईवडील ते आजा-आजी, आईचे ते नाना-नानी. आमच्या शेजारच्या आजीला हिंदीचं एक वाक्य जुळवता यायचं नाही, पण तवा, बेलना, कलछुल, लोटा हे सगळं तिच्या तोंडात रोजचं. मला ती ‘दुलहिन’ म्हणायची. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झालीत हे सांगूनही उपयोग झाला नाही.

आजीच्या अंगणात बांबूंना लाल-पिवळ्या-पांढऱ्या झंड्या लावलेल्या. पूजा झाली की एक नवी झंडी उभी करायची, जुनी ऊनपावसाने आपोआप विरते. अंगणाच्या मागे पत्र्याची शेड, आणि रोज रात्री दोनच्या पुढे त्या शेडमध्ये दिवा लागायचा. दिवा कशाला ते कळायला मला एक आठवडा लागला, आणि मलाही येऊ द्या म्हणायचं धाडस करायला आणखी तीन.

तिने तीन अटी घातल्या. पैसे मिळणार नाहीत. (मला घेताही आले नसते.) अडीच म्हणजे अडीच. आणि फूड बॅज काढल्याशिवाय पिठाला हात लावायचा नाही.

फूड बॅज म्हणजे खाण्याचे पदार्थ हाताळणाऱ्याला लागणारं आरोग्य खात्याचं ओळखपत्र. मला वाटलं एखादा अर्ज भरायचा असेल. गेले तर बाकांवर पंचवीस-तीस जण बसलेले: हॉटेलातले आचारी, शाळेच्या कँटीनमधल्या बायका, एक आइस्क्रीमवाला, एक मुलगा ज्याला बर्गरच्या दुकानात दुसऱ्या दिवसापासून रुजू व्हायचं होतं. पहिल्या खेपेला माझ्या नखांना रंग होता, म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला हात उलटसुलट तपासले, जंतू, माश्या आणि गरम-गार अन्नाचं तापमान यांवर व्याख्यान झालं, मग छोटी परीक्षा. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने हळूच विचारलं, “तू काय विकतेस?” मी म्हटलं, काही नाही, शिकायला जाणार आहे. “डबल्स?” तिने मान हलवली. “रात्रीच्या झोपेला टाटा कर.”

आता डबल्स म्हणजे काय ते सांगते. दोन मऊ, पिवळ्या, तळहाताएवढ्या तळलेल्या चकत्या, मध्ये पातळसर काबुली चणे, वर चिंचेची चटणी, काकडी, कैरीचा कुचेला (किसाचं तिखट लोणचं) आणि मिरचीचं सॉस. सगळं कागदावर, ताटली नाही, चमचा नाही. उभ्याने खायचं, सकाळी. असं सांगतात की १९३६च्या सुमारास दक्षिणेकडच्या प्रिन्सेस टाउनमध्ये एमामूल दीन नावाच्या गृहस्थांनी एका चकतीवर चणे घालून विकायला सुरुवात केली, गिऱ्हाइकं ‘डबल कर’ म्हणू लागली आणि ते नाव पडलं. आपल्याकडे वडापावने मुंबईचा जेवढा भाग व्यापलाय त्याहून जास्त या देशाचा डबल्सने व्यापलाय. मंत्रीही खातो, गवत कापणाराही खातो, आणि एकाच रांगेत उभं राहून.

त्या चकतीला म्हणतात ‘बरा’. वड्याचाच हा भाऊ, भोजपुरीत ड चा र होऊन गेलेला. पण माझ्या कानाला तो शब्द दुसराच. पहिल्या दिवशी मी तळलेल्यांकडे बघून आजीने विचारलं, “इज दॅट अ बरा?” आणि मी मनात म्हटलं, नाही आजी, अजिबात बरा नाही.

खरोखरच नव्हता. मैदा, हळद, जिरं (ते ‘गीरा’ म्हणतात), मीठ, चिमूटभर साखर, यीस्ट, कोमट पाणी. एवढंच. पण पीठ आपल्या कणकेसारखं मळायचं नसतं, ते इतकं सैल ठेवायचं की परात तिरकी केली तर घसरलं पाहिजे. माझे हात सवयीने त्याला घट्ट करायला बघायचे. सैल पीठ म्हणजे सुगरणीची अब्रू गेली, ही माझ्या आईची शिकवण. दोन दिवस मी चोरून मूठ-मूठ मैदा वाढवत होते आणि दोन दिवस बरा चिवट होत होता. तिसऱ्या दिवशी आजीने मैद्याचा डबा उचलून स्वतःच्या मागे ठेवला.

मग गोळे. हाताला तेल लावायचं, मुठीत पीठ धरायचं, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या फटीतून वर दाबायचं, फुगा बाहेर आला की दुसऱ्या हाताने चिमटून तोडायचा. आजीचा गोळा सुटायला शिंक येण्याइतका वेळ लागायचा. ती दुसरीकडे बघून, आजाशी भांडत, सहाशे गोळे तोडायची आणि सगळे एका मापाचे. माझे पहिले पन्नास म्हणजे एका घरातली सगळी भावंडं, थोरला ते शेंडेफळ. गोळे थोडे मुरू द्यायचे, मग तेल लावलेल्या पत्र्यावर बोटांनी थापायचे. लाटणं नाही. थापून झाला की तो ओला फडका उचलल्यासारखा उचलायचा आणि तेलात सोडायचा.

आणि इथे माझा दुसरा जन्मजात दोष आडवा आला. पुरी! तेलात काही फुगलं की मी झाऱ्याने दाबून खुसखुशीत करणारच. आजी ओरडायची, “काढ, काढ, काढ!” बरा तेलात जेमतेम काही सेकंद. एक बाजू, उलट, बाहेर. लाल झाला तर फुकट गेला. तो लगेच एकावर एक रचून कापडात गुंडाळून मोठ्या थर्मास पेटीत ठेवायचा, म्हणजे स्वतःच्या वाफेने मऊ राहतो. पुरीला वाफ धरली की आपण हळहळतो, इथे वाफ धरली नाही तर धंदा बुडाला.

चणे त्या मानाने सोपे, निदान मला तरी. आदल्या दुपारी भिजत घालायचे, रात्री शिजवायचे, काही मोडायचे, काही अख्खे ठेवायचे. लसूण, करी पावडर, भाजून कुटलेलं जिरं आणि एक लांब पानांची, करवती कडांची वनस्पती. बाजारात तिला शॅडो बेनी म्हणतात, आजी बनधनिया म्हणायची. वास कोथिंबिरीचाच, पण कोथिंबीर जोरात बोलायला लागली तर येईल तसा. आजीच्या चण्यांना मी एकदा आल्याची सूचना केली. तिने ऐकून घेतलं.

तिखटाचा प्रसंग मात्र नीट सांगायला हवा.

मी कोल्हापूर-सांगलीच्या टापूतली. ठेचा, तांबडा रस्सा, लवंगी मिरची, ही आमची कुळकथा. पहिल्याच आठवड्यात आजीने मिरचीचं सॉस करायला घेतलं. पिवळ्या, सुरकुतलेल्या, भोपळी मिरचीच्या नातीसारख्या दिसणाऱ्या मिरच्या, आणि त्यात चार-पाच लाल, शेपटीला नांगी असल्यासारख्या. ‘स्कॉर्पियन’, आजी म्हणाली. मोरुगा हे दक्षिण किनाऱ्यावरचं गाव, त्याच्या नावाची ही विंचू-मिरची. २०१२मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या मिरची संस्थेने हिला तेव्हाची जगातली सगळ्यात तिखट ठरवलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी म्हटलं, “आजी, द्या इकडे, आमच्याकडे लहान पोरंसुद्धा मिरची खातात.”

आजीने दिल्या. मी देठं काढली, हाताने फाडून बिया सोडवल्या, मिक्सरला लावल्या. काही झालं नाही. दहा मिनिटांनी बोटांच्या पेरांत धुगधुगी सुरू झाली, वीस मिनिटांनी दोन्ही हात चुलीत घातल्यासारखे. मी नळाखाली धरले, तर ती आग मनगटापर्यंत पसरली. त्यात घाम आला म्हणून कपाळ पुसलं आणि मनगट डाव्या डोळ्याला लागलं. पुढची पंधरा मिनिटं मी अंगणात झंड्यांभोवती काय काय म्हणत फिरले ते मराठीतच होतं हे बरं. आजाने खोबरेल तेलाची बाटली आणली, हात तेलात बुडवून चोळायला लावले, मग साबण, परत तेल. पाण्याने तिखट निघत नाही, तेलाने निघतं. जरा डोळा उघडल्यावर मी आजीला विचारलं, तुमचे हात कसे जळत नाहीत? तिने एक ड्रॉवर ओढला. आत रबरी हातमोज्यांचा खोका. “तू विचारलं नाहीस,” ती म्हणाली.

एका महिन्यानंतर तिने मला टपरीवर नेलं. टपरी म्हणजे सदर्न मेन रोडच्या कडेला एक टेबल, मोठी छत्री, तीन थर्मास पेट्या आणि चटण्यांच्या बरण्या. साडेपाचला पहिलं गिऱ्हाईक, नऊ-साडेनऊपर्यंत पेट्या रिकाम्या. डाव्या तळहातावर कागद, त्यावर दोन बरा थोडे एकमेकांवर चढवून, चमचाभर चणे, मग प्रत्येक चटणीचा एक फटकारा, आणि कागदाची दोन टोकं धरून गिरकी. गिऱ्हाईक फक्त संख्या आणि तिखट सांगतं. “टू, स्लाइट.” म्हणजे दोन द्या, तिखट जरासं. स्लाइट, मीडियम, हेवी, आणि विदाउट. ‘विदाउट’ म्हणणाऱ्याकडे रांग जरा दयेने बघते.

हिशेबाचं काम आजीने मला दिलं, कॅशियर म्हणून माझी तेवढी पत होती. आणि तिथेच मी गडबडले. लोक एक घेऊन खातात, मग आणखी एक मागतात, मग तिसरा. पैसे शेवटी. किती खाल्ले ते तोच सांगतो. मी कागद-पेन्सिल काढून उभ्या रेघा मारायला लागले, आजीने कागद घेतला आणि त्यात डबल्स बांधून कुणाला तरी दिला. एका सकाळी एकाने तीनचे पैसे दिले. मी मोजले होते चार. बारा वर्षांची सवय, मी बोलले. तो शांतपणे म्हणाला, तीन. मी म्हटलं, चार. रांग थांबली. आजी न बघता म्हणाली, “थ्री, दुलहिन.” संध्याकाळी तिने सांगितलं की त्याचा पहिला बरा फाटला होता, म्हणून तो तिने असाच दिला होता. त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं, मोजत होते फक्त मी.

रांगेत उभं राहून एक देश कळतो असं मी म्हणणार नाही, पण कोण काय करून पोट भरतं ते मात्र कळतं. साडेपाचला रात्रपाळी सुटलेले आणि सकाळपाळीला निघालेले, निळ्या-केशरी डगल्यांतले पॉइंट लिसासचे ऑपरेटर आणि फिटर. पाठोपाठ सिक्युरिटी गार्ड. इथे बँक, शाळा, दुकान, दवाखाना, जिथे दार आहे तिथे गार्ड आहे, आणि त्यांत बायका भरपूर. बारा-बारा तासांची ड्यूटी. सहाला ऑरेंज व्हॅलीच्या धक्क्यावरून आलेले कोळी, कपड्यांना कोळंबीचा वास. मग हिरव्या पट्ट्याच्या मॅक्सी-टॅक्सीचे, म्हणजे इथल्या मिनीबसचे, चालक. गाडी चालू ठेवून हात बाहेर काढणार, आत प्रवासी ताटकळत, पण त्यांचीही तक्रार नाही कारण त्यांनाही एक हवा असतो. साडेसातला शिक्षिका आणि सरकारी कारकून. नंतर रस्त्याकडेचं गवत कापणाऱ्या सरकारी योजनेवरच्या बायका, पूर्ण बाह्यांचे शर्ट, डोक्याला टॉवेल, त्यावर हॅट.

पहिले काही आठवडे मी मनात एकेकाला एकेक धंदा लावून टाकला होता. हा गार्ड, तो टॅक्सीवाला. मग घोळ व्हायला लागला. सकाळचा गार्ड दुपारी टॅक्सी चालवताना दिसला. तीही ‘पीएच’. इथे भाड्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवर आधी एच, खासगीवर पी. खासगी गाडी चोरून भाड्याने फिरवली तर ती पीएच. कायद्याने चुकीचं, पण पाऊस पडत असला आणि रस्त्यावर दुसरं काही नसलं तर पोलिसाची बायकोही त्यात बसते. कोळ्याचं घराच्या पुढच्या खोलीत ‘पार्लर’ होतं. म्हणजे केस कापायचं नव्हे, बिस्किटं-ब्रेड-कोल्ड्रिंकचं दुकान. शाळेतला एक मास्तर शनिवारी कोंबड्या कापून विकायचा.

सगळ्यांत मला आवडायची ती एक शिंपीण. ऑगस्टभर शाळेचे गणवेश. ऑक्टोबरपासून पडदे, कारण नाताळला नवे पडदे लावले नाहीत तर इथे घर भुंड्या गळ्याचं दिसतं. एक जानेवारी उजाडली की मशीनवर मणी, पिसं, चमचमते पट्टे: कार्निव्हलचे पोशाख. कार्निव्हल संपला की लेंटचे (ईस्टरआधीच्या उपवासाचे) चाळीस दिवस ती काही शिवायची नाही, झोपायची. मग परत लग्नाचे ब्लाउज. मी विचारलं, यातलं तुमचं खरं काम कोणतं? तिने डबल्स खाता खाता मशीन चालवल्याचा पाय करून दाखवला. “दिस.”

कुणाला ‘काम कसं चाललंय’ विचारलं आणि बरं चाललेलं नसलं तर उत्तर यायचं, “केचिन मी टेल.” आपलीच शेपूट पकडायला गोल फिरतोय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कुत्र्याकडे बघितलं.

आजीची सू-सू होती. नावाला हसू नका. मी घरी सांगितलं की मी आजीच्या सू-सूमध्ये सामील झाले, तर नवऱ्याला ठसका लागला. सू-सू म्हणजे आपली भिशी. बारा जणी, दर शनिवारी शंभर डॉलर, दर आठवड्याला एकीला बाराशे. त्याला ‘हँड’ मिळाला म्हणतात. ना वही, ना सही. पतसंस्थेत कर्जाच्या एका अर्जाला आम्ही सात सह्या घ्यायचो, दोन जामीनदार वेगळे, तरी थकबाकीदारांची यादी भिंतभर. आजीच्या सू-सूत माझ्या डोळ्यांदेखत कुणी बुडवलं नाही. एकीने दोन आठवडे उशीर केला, तर तिला तेवढे दिवस आजीने डबल्स विदाउट दिले. तिखटाविना, आणि बोलण्याविनाही.

आजा कमी बोलायचा. तो टपरीवर यायचा नाही, दुपारी मिरच्या आणि बनधनिया पोत्यात घेऊन यायचा. एकदा मी सांगितलं की माझ्या वडिलांचा दीड एकर ऊस आहे, तेव्हा तो पहिल्यांदा खुर्ची ओढून बसला.

तोही उसाचाच माणूस. पंधराव्या वर्षी तोडणीला, मग ट्रॅक्टरवर. इथली सरकारी साखर कंपनी २००३मध्ये बंद केली तेव्हा नऊ हजारांवर कामगार एकदम घरी बसले. हिशेबाची रक्कम मिळाली आणि दोन एकर शेतजमीन भाडेपट्ट्याने द्यायचं ठरलं. त्याचा कागद हातात पडेपर्यंत आजाचे उरलेले केस पिकले. २००७मध्ये शेवटचा ऊस गाळला गेला आणि ज्याच्यासाठी माणसं समुद्रापलीकडून आणली, ते पीकच संपलं. आता साखर बाहेरून येते. आजाच्या दोन एकरांत मिरच्या, भेंडी आणि हातभर लांब चवळीच्या शेंगा. त्यांना ‘बोडी’ म्हणतात.

“तुमच्याकडे अजून ऊस आहे?” त्याने विचारलं. आहे म्हटलं. “कोण तोडतं?” मी सांगितलं: बीडकडून माणसं येतात, दिवाळीच्या सुमारास, बैलगाड्या-ट्रॅक्टर घेऊन. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादम आधी उचल देतो, ती फिटेपर्यंत राहायचं. पाचटाच्या खोपी. पोरं बरोबरच. आजा बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या आजोबांचा करार पाच वर्षांचा होता, बराकीत एक खोली, दिवसाचं काम मोजून ‘टास्क’वर, आणि टोळीवरच्या मुकादमाला म्हणायचे ‘ड्रायव्हर’. “म्हणजे समुद्र नाही ओलांडावा लागत,” तो शेवटी म्हणाला, “एवढंच.” मी लहानपणापासून ऊसतोड बघत आले होते. खोपीतल्या बायका आमच्या विहिरीवर पाण्याला यायच्या. त्यांना कोणत्या गावच्या, एवढंही मी कधी विचारलं नव्हतं.

ऑगस्ट २०१८मध्ये बातमी आली की पॉइंट-ए-पिएरची तेल रिफायनरी बंद होणार. शंभर वर्षं जुनी, कूवापासून थोड्याच अंतरावर. आमच्या रांगेत तिथले आठ-दहा जण रोज असायचे. त्यांतला एक उंच ऑपरेटर शुक्रवारी ‘टू, हेवी’ खायचा, पाच-सहा घरी बांधून न्यायचा आणि सुटे परत घ्यायचा नाही. त्या आठवड्यात रांगेत दुसरा विषय नव्हता. सुमारे पाच हजार माणसं. नोव्हेंबर संपता संपता फाटक बंद झालं. आजी काही बोलली नाही, फक्त पीठ दहा किलोवरून आठवर आणलं. त्या दोन किलोंचा अर्थ मला महिना संपताना कळला. गिऱ्हाईक तेच होतं, पण तीन खाणारा दोन खात होता.

तो उंच ऑपरेटर जानेवारीत यायचा थांबला. फेब्रुवारीत पीएच चालवताना दिसला. त्या वर्षी व्हेनेझुएलाहून आलेली माणसंही वाढली होती. जूनमध्ये सरकारने त्यांची नोंदणी केली, सोळा हजारांवर लोकांना वर्षभर काम करायची परवानगी मिळाली. आणि रांगेत स्पॅनिश बोलणाऱ्या मुली ‘दोस, स्लाइट’ म्हणायला लागल्या. एका मुलीच्या गळ्यात नवंकोरं नोंदणीपत्र बघून मला, खोटं कशाला बोलू, हेवा वाटला.

आमचं परत निघायचं ठरलं तेव्हा माझे गोळे एका मापाचे पडायला लागले होते. शेवटच्या आठवड्यात एका पहाटे शेडमध्ये गेले तर परातीपाशी तो उंच ऑपरेटर उभा, डोकं वाकवून, कारण पत्रा त्याला पुरत नव्हता. नवा फूड बॅज खिशाला लावलेला. बायकोने आणि त्याने मिळून पॉइंट-ए-पिएरच्या वाटेवर टेबल टाकायचं ठरवलं होतं. मी आजीकडे बघितलं. उद्या हाच तिची गिऱ्हाइकं घेऊन जाणार, आणि ही त्याला पीठ किती सैल ठेवायचं ते दाखवत होती. “तो तिकडे, मी इकडे,” आजी म्हणाली. “आणि चण्यात तो आलं घालणार आहे. काही भीती नाही.”

मग तिने त्याच्यापुढे मिरच्यांची टोपली ठेवली. पिवळ्या, आणि मध्ये सहा-सात लाल. तो हसला, म्हणाला, आजी, वीस वर्षं मी ॲसिडच्या पाइपांजवळ काम केलंय.

मी ड्रॉवरकडे हात नेला. आजीने डोळ्यांनीच नको म्हटलं. मी खोबरेल तेलाची बाटली तेवढी फळीवरून उतरवली, झाकण सैल केलं आणि त्याच्या कोपराजवळ ठेवली.